कुत्र्याची काळी नखं घरी कापताना रक्त येऊ नये म्हणून काय करावं?

ताई, तुम्ही लिहिलंय की कुत्रा दिवसभर ओसरीवर बांधलेला असतो, नखं वाढून फरशीवर टकटक वाजतात, सगळी काळी आहेत आणि कुत्र्यांचा डॉक्टर थेट जिल्ह्याच्या गावी. नखं घरी कापता येतात. फक्त घाई करू नका. मी केली होती, म्हणून आधी तेच सांगतो.

आमचं गाव यवतमाळ जिल्ह्यात, दारव्हा तालुक्यात. आमचा कुत्रा भुऱ्या मोकळा होता तोवर धुऱ्यावर, मुरमाच्या रस्त्यावर हिंडायचा, नखं आपोआप झिजायची. गाड्यांच्या भीतीनं बांधायला लागलो आणि ती वाढली. एक दिवस घरातला सुपारीचा अडकित्ता घेतला आणि एका दणक्यात नख छाटलं. नख उभं चिरलं, रक्त आलं. त्याचं ते केकाटणं अजून कानात आहे. पुढे दोन महिने त्यानं मला पंजाला हात लावू दिला नाही. बैलांना नाल मारणारे एक काका तेव्हा ओसरीवर बसले होते. म्हणाले, "खुरातबी जीव असते ना बावा. खिया (खिळा) आत गेला का बैल लंगडते. तू एका झटक्यात काहून कापलं?"

तोच मुद्दा आहे. नखाच्या आत रक्तवाहिनी आणि नस असलेला जिवंत भाग असतो. पांढऱ्या नखात तो गुलाबी दिसतो, काळ्यात बाहेरून कळतच नाही. म्हणून काळं नख टोकाकडून पातळ चकत्या काढत कापायचं, एक-दीड मिलिमीटरच्या. प्रत्येक चकतीनंतर कापलेली बाजू उजेडात बघा. सुरुवातीला ती कोरडी, खडूसारखी पांढुरकी, भुसभुशीत दिसते. मग मधोमध एक गडद, ओलसर ठिपका उमटतो. ठिपका दिसला की थांबा. पुढे जीव आहे.

कुत्र्यांसाठीचा कात्रीसारखा कटर मागवा. आपला नेलकटर किंवा बोथट पातं नख चेपून चिरतं. खरी मेहनत मात्र पंजा हातात येण्याची. मी रोज संध्याकाळी भुऱ्याचा पंजा नुसता धरायचो, बोट जरा दाबायचो आणि भाकरीचा तुकडा द्यायचो. आठवड्यानं कटर शेजारी ठेवला. मग कटर नखाला फक्त टेकवला. पंधराव्या दिवशी एक नख कापलं. एकच. कुत्र्यानं पंजा ओढला तर तिथंच सोडून द्या, उरलेली नखं उद्या. धरून, दाबून सगळी एका दिवशी उरकली की पुढच्या वेळी तो कटर पाहूनच पळतो.

पावसाळ्यात आपली काळी माती बोटांच्या मधे चिकटते आणि वाळली की खड्यासारखी टोचते. आधी कोमट पाण्यानं पंजे धुऊन ती काढा, नखंही जरा नरम पडतात. आणि पुढच्या पायाचा अंगठा विसरू नका. तो जमिनीला टेकत नाही, त्यामुळे झिजत नाही, आणि गोल वळून मांसात रुततो. केसाळ कुत्र्याचा तर हातानं चाचपूनच सापडतो. रुतलेला असेल, सूज, पू किंवा वास असेल तर घरी हात लावू नका. तालुक्याच्या गुरांच्या दवाखान्यातही कुत्री बघतात, तिथं न्या.

रक्त आलंच तर घाबरू नका, दिसतं तेवढं ते जात नाही. वाटीत कॉर्नफ्लोअर आधीच काढून ठेवा, नसेल तर साधं पीठ. नखाचं टोक त्यात बुडवा आणि स्वच्छ फडक्यानं पाच मिनिटं दाबून धरा, मधे उघडून बघू नका. वीस मिनिटांत थांबलं नाही तर डॉक्टर. त्या दिवशी चिखलात सोडू नका.

चावायचा स्वभाव असेल तर घरी करूच नका. लोक तोंडाला फडकं बांधतात, पण कुत्रा धापा टाकूनच अंग थंड करतो, आणि आपल्याकडच्या उन्हाळ्यात बांधलेलं तोंड जिवावर बेतू शकतं. रेबीजची लस दिलेली आहे का ते आधी बघा. चुकून दात लागलाच, तर लस दिलेली असो वा नसो, जखम साबणानं वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी आरोग्य केंद्रात जा.

शेवटचं तुम्ही विचारलंय, किती आखूड करायची. जमिनीवर सरळ उभा असताना टोकं फरशीला टेकू नयेत, इतपत. पण एवढी वाढलेली नखं एका फेरीत तिथं येत नाहीत, कारण नखाबरोबर आतला जिवंत भागही लांबलेला असतो. दर आठ-दहा दिवसांनी थोडं थोडं कापत गेलं की तो हळूहळू मागे सरकतो. भुऱ्याला अडीच महिने लागले. आता तो ओसरीवरून मागे येऊन उभा राहिला तरी मला कळत नाही.