वंश बघून नाही, नकाशा बघून अ‍ॅक्सेंट ठरव

पहिल्यांदाच गेमसाठी स्वतःचं फँटसी जग बांधतोयस ना, मग एल्फ (टोकदार कानांचे) म्हणजे वेल्श, ड्वार्फ (बुटके) म्हणजे स्कॉटिश असे काल्पनिक वंशांना अ‍ॅक्सेंट वाटत सुटू नकोस. आधी ती माणसं राहतात कुठे, व्यापार कोणाशी, राज्य कोणाचं ते ठरव, बोली त्यातनंच येते. 'ड्रॅगन एज: ओरिजिन्स' (2009) हा व्हिडिओ गेम जरा कान देऊन खेळ, त्यातल्या ऑर्ले देशाची माणसं फ्रेंच ढंगात बोलतात आणि ड्वार्फ चक्क अमेरिकन!

'द विचर 3' या व्हिडिओ गेममधली स्केलिगे बेटं तर मला प्रचंड आवडतात. लांब होड्या, यार्ल (सरदार), फ्रेया देवी हे सगळं नॉर्स, म्हणजे व्हायकिंगांचं, पण बोलणं आयरिश, आणि ते पटतं कारण व्हायकिंग खरंच आयर्लंडला जाऊन राहिले, 841 साली डब्लिनला तळ ठोकला आणि पुढे तिथल्याच लोकांत मिसळून गेले. असं खरं नातं शोध, मग मिश्रण उसनं वाटत नाही.

आणि सगळे चोर-लुच्चे एकाच खऱ्या देशाच्या अ‍ॅक्सेंटमध्ये बोलवू नकोस रे, त्या देशाचा प्लेयर ऐकत असतो, त्याला लागतं. आवाज काढणं जमत नसेल तर नावं, शपथा, जेवणाचे पदार्थ बदल, तेवढ्यानेही प्रदेश वेगळा कळतो.