घेतल्याशिवाय धीर होत नाही, घेतली की जमत नाही

ताई, माझं वय ४१. पाच-सहा वर्षं रोज रात्री एक क्वार्टर लागते. घेतली की इच्छा होते, पण ऐनवेळी ताठरता टिकत नाही. न घेता बायकोजवळ जायचा धीर होत नाही. तीही आता पाठ फिरवून झोपते. मित्राने एक गोळी दिलीय. घेऊ का?
– एक वाचक

दादा, नका घेऊ. अशा गोळ्यांत बहुतेकदा सिल्डेनाफिल हे ताठरतेचं औषध असतं. त्याने रक्तदाब उतरतो, दारूनेही उतरतो. दोन्ही एकदम पोटात गेली तर भोवळ येऊन पडू शकता. हृदयासाठी नायट्रेटची गोळी चालू असेल, तर जिवावरच बेतेल. मित्राला तुमच्या तब्येतीचं काय माहीत?

दारूने भीड चेपते, म्हणून इच्छा वाढल्यासारखी वाटते. पण ताठरतेसाठी मेंदूचा निरोप मज्जातंतूंमधून खाली पोचावा लागतो आणि लिंगात रक्त भरून तिथेच थांबावं लागतं. दारू तो निरोपच मंदावते. १८० मिलीच्या क्वार्टरमध्ये सुमारे ६० ग्रॅम अल्कोहोल असतं, आणि यकृत तासाला जेमतेम सात ते दहा ग्रॅमच निपटतं. म्हणजे नऊ वाजता संपवलेली क्वार्टर पहाटे तीनपर्यंत तुमच्या रक्तात असते! वर्षानुवर्षं हे चाललं की टेस्टोस्टेरॉन हे पुरुषी संप्रेरक घटतं, मज्जातंतू दुबळे होतात आणि इच्छाही आटत जाते. त्यात तुम्ही एकदा जमलं नाही याची धास्ती घेतलीत, आणि ती घालवायला पुन्हा बाटलीच उघडता.

दारू सुटल्यावर अनेकांना काही महिन्यांत फरक जाणवतो. मात्र सकाळी हात थरथरत असतील, तर एकदम बंद करू नका. फिटचे झटके येऊ शकतात. डॉक्टरांच्या देखरेखीखालीच सोडा. पुण्यात १९८६पासून मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र हेच काम करतंय. तिथे जायला लाजू नका. साखर, रक्तदाब, कोलेस्टेरॉल तपासून घ्या, कारण मधुमेह किंवा हृदयविकाराची पहिली खूण कधीकधी इथेच दिसते. पहाटे आपोआप ताठरता येते का, हेही डॉक्टरांना मोकळेपणाने सांगा. त्यावरून दोष शरीरात आहे की धास्तीत, याचा त्यांना अंदाज येतो.

आणि वहिनी पाठ फिरवतात ती तुम्हाला जमत नाही म्हणूनच, असं धरून चालू नका. रोज रात्री दारूचा भपकारा आणि सैल झालेली जीभ जवळ आली, तर कुणाला जवळीक हवीशी वाटेल? कदाचित त्यांना वाटत असेल की आपणच यांना आवडेनासे झालो. एखाद्या रविवारी दुपारी, न घेता, त्यांच्याशेजारी बसा. त्या रात्री काही व्हायलाच हवं असं मनात धरू नका. मला लिहिलंत ते त्यांना सांगा, आणि मग त्यांना काय म्हणायचंय ते मध्ये न बोलता ऐका.