इशिगाकीला एकटी निघालीस ना, मग हे वाच

बाळा,

तुझा प्लॅन बघितला. सहा दिवसांत जपानच्या दक्षिणेकडची इशिगाकी, ताकेतोमी, इरिओमोते, हातेरुमा ही चार बेटं, आणि शेवटच्या दिवशी सकाळी हातेरुमाहून बोट पकडून दुपारी विमान. ते शेवटचं आधी खोडून टाक. हातेरुमा हे जपानचं वस्ती असलेलं सगळ्यात दक्षिणेकडचं बेट, बोट उघड्या समुद्रातून जाते आणि वारा वाढला की सरळ रद्द. मीही असंच ठरवलं होतं, सॅक घेऊन धक्क्यावर उभी, ऊन लख्ख पडलेलं, पण लाटा मोठ्या म्हणून बोट नाही. विमान चुकलं, पैसे गेले, आणि एकटं असताना सोबत कुणी नसतं गं, रडूच आलं मला. म्हणून हातेरुमा आधी उरक, मुक्काम शेवटी इशिगाकीत ठेव, आणि मध्ये एक अख्खा दिवस रिकामा सोड, त्या दिवसाला काहीही लावू नकोस.

एप्रिलच्या पहिल्या पंधरवड्यात जा. 29 एप्रिलपासून त्यांची गोल्डन वीकची सुट्टी लागते, खोल्या मिळत नाहीत, मग मे-जून पाऊस आणि पुढे टायफून.

ताकेतोमीला जाताना बोटीला फार तर पंधरा मिनिटं लागतात, पण तिथे रहाच एक रात्र. दिवसभर टूरवाले असतात, शेवटची बोट गेली की गाव शांत होतं. लाल कौलं, प्रवाळाच्या दगडांचे गडगे, त्यावर जास्वंद, मला तर कोकणात आजोळी आल्यासारखं वाटलं. कैजी बीचवर ओला तळवा वाळूवर दाब आणि डोळ्यांजवळ आण, साध्या कणांमध्ये पाच-सहा टोकांच्या बारीक चांदण्या दिसतील. ती एकपेशीय समुद्री जीवांची कवचं आहेत. बघ आणि तिथेच झटकून टाक, बाटलीत भरून आणू नकोस. किनाऱ्यावर अननसासारखं फळ लागलेलं झाड दिसेल ना, तो आपला केवडाच, तिकडे अदान म्हणतात.

इरिओमोतेला पिनाइसारा धबधब्याकडे गाईडशिवाय जाऊ नकोस, नव्वद टक्के बेट जंगल आहे. तिथलं रानमांजर जगात फक्त त्याच बेटावर, जेमतेम शंभर उरलीयत आणि गाड्यांखाली मरतात, म्हणून स्कूटर घेतलीस तर अंधार पडायच्या आत परत ये. आणि इंटरनॅशनल ड्रायव्हिंग परमिट इथूनच काढून ने.

आता सगळ्यात महत्त्वाचं. एकटीने स्नॉर्केलिंग करायचं नाही, पाणी कितीही निळंशार, कंबरेएवढं दिसू दे. ओहोटीला प्रवाळाच्या फटीतून पाणी बाहेर ओढतं, आणि तुला ओढलं तर बघायला कुणी नाही. पैसे भर, ग्रुपबरोबर जा. यात मी तुझं काही ऐकणार नाही.

खायचं म्हणशील तर गोया चाम्पुरू म्हणजे कारलं, टोफू आणि अंडं परतून, पण त्यात बहुतेक पोर्क असतं आणि सोबाच्या, म्हणजे तिकडच्या नूडल्सच्या, रश्शातही, तेव्हा आधी विचार. मिन्शुकूत, म्हणजे तिकडच्या घरगुती लॉजमध्ये, बुकिंग करतानाच काय खात नाहीस ते लिहून टाक.

आणि आईला रोज फोन कर. सूर्य बुडतो तेव्हा तिथे सात वाजतात, इथे साडेतीन. ती दुपारचा चहा टाकत असेल तेव्हाच कर.

तुझी ताई