‘नको’चं बहुमत : ब्रेक्झिटच्या कोंडीविषयी वाचकांचे प्रश्न

प्रश्न : ब्रिटनच्या जनतेने 23 जून 2016 रोजी कौल दिला. मग युरोपीय महासंघातून बाहेर पडायला 31 जानेवारी 2020 का उजाडावा लागला?

उत्तर : कारण कौल फक्त ‘बाहेर’ एवढाच होता. बाहेर पडून जायचं कुठे, हे मतपत्रिकेने विचारलंच नव्हतं. बाहेर पडण्याच्या बाजूने 51.9 टक्के मतं पडली, राहण्याच्या बाजूने 48.1 टक्के. एकल बाजारपेठ, म्हणजे माल, सेवा, पैसा आणि माणसांना सदस्य देशांत मोकळी ये-जा देणारी व्यवस्था, सोडायची का, आयात शुल्काची सामायिक व्यवस्था म्हणजे कस्टम्स युनियन सोडायची का, आयर्लंडच्या सीमेचं काय करायचं, हे सगळे प्रश्न संसदेच्या गळ्यात पडले.

शिवाय कायद्याच्या नजरेत हे सार्वमत सल्ल्यापुरतं होतं. सरकारला परस्पर नोटीस देता येणार नाही, त्यासाठी संसदेचा कायदा लागेल, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2017 मध्ये 8 विरुद्ध 3 असा दिला. तो कायदा झाला आणि 29 मार्च 2017 रोजी महासंघ कराराच्या कलम 50 खाली नोटीस गेली.

पुढचं सगळं नाट्य या कलमातून आलेलं आहे. नोटिशीपासून दोन वर्षांत करार झाला तर त्याप्रमाणे, नाही झाला तर कराराविना, देश बाहेर पडतो. एरवी संसदेने काहीच ठरवलं नाही तर आहे तेच चालू राहतं. इथे काहीच ठरवलं नाही तर कराराविना बाहेर! गप्प बसणं हाच एक निर्णय होता, आणि तो बहुसंख्य खासदारांना नको होता.

प्रश्न : तेव्हाच्या पंतप्रधान थेरेसा मे यांनी महासंघाशी केलेला करार संसदेने तीनदा फेटाळला. सत्ताधारी पक्षाचा करार इतक्या मतांनी पडतो कसा?

उत्तर : पहिलं कारण, त्यांच्याकडे बहुमतच नव्हतं. जून 2017 ची मुदतपूर्व निवडणूक त्यांनी बहुमत वाढवायला घेतली आणि होतं तेही गेलं. त्यांच्या हुजूर पक्षाच्या 317 जागा आल्या. मग उत्तर आयर्लंडने युनायटेड किंगडममध्येच राहावं असं मानणाऱ्या, तिथल्या डेमोक्रॅटिक युनियनिस्ट पक्षाच्या (डीयूपी) 10 खासदारांचा टेकू घ्यावा लागला. आयर्लंडचा प्रश्न ज्यांच्या अगदी जिव्हाळ्याचा, त्यांच्याच हाती सरकारची दोरी गेली.

650 जागांपैकी शिन फेनचे, म्हणजे आयर्लंडचं एकीकरण मागणाऱ्या पक्षाचे, 7 जण शपथच घेत नाहीत. सभापती, तीन उपसभापती आणि मतं मोजणारे चार खासदार मोजणीत धरत नाहीत. उरतात 635. 15 जानेवारी 2019 च्या पहिल्या मतदानाला 634 मतं पडली, म्हणजे जवळपास एकूण एक. कराराच्या बाजूने 202, विरोधात 432. सरकारचा एवढा मोठा पराभव कॉमन्सच्या, म्हणजे ब्रिटिश संसदेच्या लोकनियुक्त सभागृहाच्या, आधुनिक इतिहासात झालेला नव्हता. हुजूर पक्षाचेच 118 खासदार विरोधात गेले होते.

त्या रात्रीचं महत्त्व एका गोष्टीवरून कळेल. कॉमन्समध्ये मतदान बटण दाबून होत नाही. घंटा वाजते, आठ मिनिटांनी दारं बंद होतात, आणि ‘होय’ किंवा ‘नाही’च्या लॉबीतून चालत जावं लागतं. आजारी किंवा बाळंतीण खासदारासाठी ‘जोडी’ची प्रथा आहे : दुसऱ्या बाजूचा एक खासदारही मतदान करत नाही, म्हणजे हिशेब बरोबर. पण हा शब्द जुलै 2018 मध्ये एका मतदानात मोडला गेला होता. म्हणून मजूर पक्षाच्या ट्युलिप सिद्दिक प्रसूतीची शस्त्रक्रिया पुढे ढकलून चाकाच्या खुर्चीतून मत द्यायला आल्या. त्यानंतर त्याच महिन्याच्या अखेरीस बाळंतपणासाठी प्रतिनिधीमार्फत मत देण्याची सोय सुरू झाली. ती इतकी वर्षं नव्हती, ही आमच्या मते लाजिरवाणी गोष्ट होती.

दुसरं मतदान 12 मार्चला झालं : 242 विरुद्ध 391. तिसरं 29 मार्चला : 286 विरुद्ध 344. या शेवटच्या आकड्यांकडे जरा थांबून बघा. फरक 58 चा, म्हणजे 30 जणांनी बाजू बदलली असती तरी करार मंजूर होता. आणि त्या दिवशी विरोधात गेलेले हुजूर पक्षाचे खासदार होते 34. त्यातले बहुतेक कट्टर ब्रेक्झिटवाले, थोडे दुसऱ्या सार्वमताच्या बाजूचे. दोघांची कारणं एकमेकांच्या पूर्ण विरुद्ध, मत मात्र एकच. कोंडीचं मर्म इथे आहे. ‘हे नको’ म्हणणाऱ्यांचं बहुमत प्रत्येक वेळी जमलं, ‘हे हवं’ म्हणणाऱ्यांचं एकदाही नाही.

प्रश्न : ‘बॅकस्टॉप’ हा शब्द तेव्हा सारखा कानावर पडायचा. त्यात नेमकं काय अडलं होतं?

उत्तर : आयर्लंड हे एकच बेट, पण त्यावर राज्यं दोन. दक्षिणेकडचं आयर्लंड महासंघाचा सदस्य देश, उत्तर आयर्लंड युनायटेड किंगडमचा भाग. मधली सीमा सुमारे 500 किलोमीटरची, तिच्यावर 200 हून जास्त ठिकाणी रस्ते आरपार जातात. तीन दशकांच्या हिंसाचारानंतर 1998 च्या गुड फ्रायडे कराराने शांतता आली आणि लष्करी चौक्या गेल्या. कस्टम्सच्या चौक्या तर एकल बाजारपेठेमुळे 1993 पासूनच गेल्या होत्या. शेताचा एक तुकडा अलीकडे आणि दुसरा पलीकडे असलेला शेतकरी दिवसातून चारदा सीमा ओलांडतो आणि त्याला ती जाणवतही नाही.

आता लंडनला तीन गोष्टी एकदम हव्या होत्या. एक, एकल बाजारपेठ आणि कस्टम्स युनियन दोन्ही सोडायची. दोन, बेटावरच्या सीमेवर तपासणी नको. तीन, उत्तर आयर्लंड आणि ब्रिटनच्या मुख्य भूमीमध्ये, म्हणजे समुद्रातही, तपासणी नको. यातल्या कुठल्याही दोन एकत्र जमतात, तिन्ही जमत नाहीत. शुल्काचे दर आणि मालाचे नियम वेगळे झाले की माल कुठेतरी तपासावाच लागतो. जमिनीवर नाही तर समुद्रात, समुद्रात नाही तर जमिनीवर.

मे यांनी पहिली गोष्ट तात्पुरती सोडली. दुसरी व्यवस्था सापडेपर्यंत अख्खं युनायटेड किंगडम महासंघाबरोबर एकाच शुल्कक्षेत्रात राहील, आणि उत्तर आयर्लंड मालाबाबतचे काही जास्तीचे नियम पाळेल, ही झाली बॅकस्टॉपची तरतूद. अडलं ते ‘तात्पुरतं’ या शब्दावर. तिच्यातून एकतर्फी बाहेर पडता येत नव्हतं, दोन्ही बाजूंची संमती हवी होती. दुसऱ्या मतदानाच्या आदल्या रात्री मे यांनी महासंघाकडून काही खुलासे मिळवले. पण 12 मार्चला सकाळी त्यांच्याच सरकारचे ॲटर्नी जनरल जेफ्री कॉक्स यांनी लेखी मत दिलं : दोन्ही बाजू प्रामाणिकपणे वागल्या आणि तरीही बोलणी फसली, तर कायदेशीर धोका होता तेवढाच आहे. त्या एका वाक्याने संध्याकाळचा निकाल ठरवून टाकला. कॉक्स यांनी ते वाक्य गाळलं नाही, याबद्दल आम्हाला त्यांचा आदर वाटतो.

प्रश्न : सरकारला जमत नव्हतं, तर खासदारांनी स्वतः पर्याय का निवडला नाही?

उत्तर : प्रयत्न झाला. 27 मार्च 2019 रोजी कामकाजाची सूत्रं खासदारांनी सरकारकडून स्वतःकडे घेतली. 16 प्रस्ताव आले, त्यातले 8 सभापतींनी निवडले. त्या दिवशी प्रत्येक खासदाराला छापील कागद मिळाला. प्रत्येक प्रस्तावासमोर ‘होय’ किंवा ‘नाही’. आठही पडले. 1 एप्रिलला चार प्रस्तावांवर पुन्हा मतदान झालं : कस्टम्स युनियन 273 विरुद्ध 276, नॉर्वेसारखी एकल बाजारपेठेची व्यवस्था 261 विरुद्ध 282, कराराला जनतेची मंजुरी घेणं 280 विरुद्ध 292, आणि वेळ आलीच तर नोटीस मागे घेणं 191 विरुद्ध 292.

कस्टम्स युनियन अवघ्या तीन मतांनी हुकली! यात दोष मतदानाच्या पद्धतीचा होता असं आमचं ठाम मत आहे. पसंतीक्रम विचारलाच नव्हता. दुसरी पसंती देण्याची सोय नसली की आपल्या पहिल्या पसंतीचा पर्याय जिवंत ठेवायला माणूस बाकी सगळ्यांना ‘नाही’ म्हणतो. दुसऱ्या सार्वमताच्या बाजूच्या काहींनी कस्टम्स युनियनला मत दिलं नाही ते यामुळेच. त्यात मंत्रिमंडळातल्या सदस्यांना मतदानापासून दूर राहायला सांगितलेलं होतं. पसंतीक्रम लावून, सर्वांत कमी मतांचा पर्याय फेरीगणिक गाळत गेले असते, तर एखादा पर्याय शेवटी उरला असता.

प्रश्न : सभापतींनी तोच करार पुन्हा मांडायला मनाई केली होती. हा अधिकार कुठून आला?

उत्तर : एकदा निकालात निघालेला प्रश्न त्याच अधिवेशनात जसाच्या तसा पुन्हा मांडायचा नाही, असा कॉमन्सचा 1604 पासूनचा संकेत आहे. जॉन बर्को यांनी 18 मार्चला त्याचा आधार घेतला. सरकारने मग भावी संबंधांविषयीचं राजकीय निवेदन बाजूला काढून फक्त माघारीचा करार मांडला. वेगळा प्रस्ताव झाला, म्हणून 29 मार्चचं मतदान होऊ शकलं.

प्रश्न : मुदतवाढ मिळवायची प्रक्रिया काय होती? पंतप्रधानांनी पत्र पाठवलं की झालं का?

उत्तर : नाही. पंतप्रधानांनी युरोपीय परिषदेच्या अध्यक्षांना पत्र लिहायचं, मग उरलेल्या 27 देशांनी एकमताने मान्यता द्यायची. एकाने जरी नकार दिला तरी मुदतवाढ नाही. (माघारीच्या कराराला मात्र एकमत लागत नाही : 27 पैकी 20 देश, त्यांच्याकडे 65 टक्के लोकसंख्या, आणि युरोपीय संसदेची संमती एवढं पुरतं.) महासंघाने दिलेली तारीख ब्रिटनने स्वीकारायची. शेवटी देशातला कायदा बदलायचा, कारण 2018 च्या कायद्यात बाहेर पडण्याचा क्षण 29 मार्च 2019, रात्री 11 असा लिहिलेला होता. अकरा का, तर तेव्हा ब्रसेल्समध्ये मध्यरात्र होते.

अशी मुदतवाढ तीनदा झाली : आधी 12 एप्रिल, मग 31 ऑक्टोबर, मग 31 जानेवारी 2020. दुसऱ्या वाढीची किंमत म्हणून 23 मे रोजी युरोपीय संसदेची निवडणूक घ्यावी लागली. जिथून निघायचं त्याच सभागृहासाठी 73 सदस्य निवडले गेले.

तिसऱ्या वेळी पंतप्रधान बोरिस जॉन्सन होते आणि त्यांना मुदतवाढ नको होती. म्हणून खासदारांनी सप्टेंबरमध्ये कायदाच केला. 19 ऑक्टोबरपर्यंत करार किंवा कराराविना बाहेर पडणं, यातलं काहीच संसदेत मंजूर झालं नाही तर पत्र पाठवावंच लागेल. पत्राचा मसुदासुद्धा त्या कायद्याच्या परिशिष्टात छापला होता, म्हणजे शब्दांत पळवाट नको. 19 ऑक्टोबरच्या रात्री ब्रसेल्सला तीन कागद गेले : तो मसुदा, सहीशिवाय, महासंघातल्या ब्रिटनच्या राजदूतांचं जोडपत्र, आणि मुदतवाढ देणं चूक ठरेल असं सांगणारं जॉन्सन यांचं सहीचं पत्र. सही नसली तरी महासंघाने विनंती ग्राह्य धरली.

प्रश्न : नोटीस मागे घेता आली असती का?

उत्तर : हो, एकतर्फी. युरोपीय न्यायालयाने 10 डिसेंबर 2018 रोजी तसा निकाल दिला होता. इतर देशांची परवानगी लागली नसती. राजकीय धाडस लागलं असतं.

प्रश्न : संसद स्थगित करण्याचा वाद काय होता?

उत्तर : जॉन्सन यांच्या सल्ल्यावरून राणीने संसद सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यापासून 14 ऑक्टोबरपर्यंत, सुमारे पाच आठवडे, स्थगित केली. 24 सप्टेंबरला सर्वोच्च न्यायालयाच्या 11 न्यायमूर्तींनी एकमताने तो सल्ला बेकायदा ठरवला. स्थगितीचा आदेश म्हणजे जणू कोरा कागद घेऊन सभागृहात जाणं, अशी त्या निकालाची भाषा होती. दुसऱ्याच दिवशी कॉमन्स पुन्हा बसलं.

प्रश्न : इतकी कोंडी होती तर लगेच निवडणूक का घेतली नाही? आणि शेवटी ती फुटली कशी?

उत्तर : 2011 च्या कायद्याने मुदतपूर्व निवडणुकीला एकूण जागांच्या दोन तृतीयांश, म्हणजे 434 मतं लागत. जॉन्सन यांनी तीनदा प्रयत्न केला. बाजूने 298, 293 आणि 299 मतं मिळाली. विरोधक तटस्थ राहिले की पुरे, ठराव पडायचा. निवडणुकीच्या काळातच कराराविना बाहेर पडण्याची तारीख उलटून जाईल, ही त्यांची भीती होती, आणि ती रास्त होती.

मुदतवाढ मिळाल्यावर ती भीती संपली. सरकारनेही युक्ती बदलली. 2011 च्या कायद्याला बगल देऊन निवडणुकीची तारीख ठरवणारं एका ओळीच्या आशयाचं स्वतंत्र विधेयक आणलं. त्याला साधं बहुमत पुरत होतं. 29 ऑक्टोबरला ते 438 विरुद्ध 20 असं मंजूर झालं. 12 डिसेंबरच्या निवडणुकीत हुजूर पक्षाला 365 जागा मिळाल्या, 80 चं बहुमत आलं आणि जॉन्सन यांनी महासंघाशी नव्याने केलेला करार जानेवारीत संमत झाला.

त्या करारात बॅकस्टॉप नव्हता. जॉन्सन यांनी वर सांगितलेल्या तीनपैकी तिसरी गोष्ट सोडली होती : तपासणीची रेषा समुद्रात गेली. डीयूपीने त्याचा निषेध म्हणून फेब्रुवारी 2022 मध्ये उत्तर आयर्लंडच्या सरकारमधून अंग काढून घेतलं. ब्रिटन आणि महासंघ यांच्यातल्या 2023 च्या विंडसर आराखड्याने तपासणी बरीच हलकी केली, तरी स्टॉरमॉन्टमध्ये, म्हणजे उत्तर आयर्लंडच्या विधानसभेच्या ठिकाणी, पुन्हा सरकार बसायला फेब्रुवारी 2024 उजाडला.