कंबर धरते, जबडा वाजतो

प्रश्न : माझे यजमान कागलहून वाशीला दुधाचा टँकर नेतात. वय ४३. रात्रभर गाडी चालवून खाली उतरले की कंबर धरते, थोडा वेळ वाकूनच चालतात. हल्ली सकाळी डाव्या कानापुढेही दुखतं आणि भाकरी चावताना जबडा कट्‌कन वाजतो. झोपेत दात खातात. कान तपासला, तो चांगला आहे. मेडिकलमधून कमरेचा पट्टा आणलाय, तो सारखा बांधलेला असतो. मावा खातात, सांगून ऐकत नाहीत. या दोन दुखण्यांचा काही संबंध असेल का? — एक भगिनी, जि. कोल्हापूर

उत्तर : ताई, संबंध असू शकतो. माझा फिजिओथेरपीचा दवाखाना हायवेलगत आहे. ड्रायव्हर आला की शक्य असेल तेव्हा मी आधी त्याच्या केबिनपाशी जाते आणि त्याला स्टीअरिंगवर बसायला सांगते. बहुतेकांची सीट मागे सरकलेली असते. क्लच दाबताना कंबर सीटच्या पाठीपासून सुटते, हनुवटी काचेकडे जाते आणि खांदे कानाला लागतात. मान अशी पुढे आली की जबड्याचे स्नायूही ताठतात. त्यात खंबाटकी आणि बोरघाट, अंगावर येणाऱ्या हेडलाइट, टँकर पूर्ण भरलेला नसला तर ब्रेक मारताच आत हिंदकळणारं दूध. माणूस नकळत दात आवळतो. कानशिलावर बोट ठेवलं तर तिथला स्नायू टणक लागतो.

एरवी वरचे-खालचे दात एकमेकांना फक्त चावताना आणि गिळताना टेकायला हवेत. ओठ मिटलेले, दात सुटे, जीभ वर टाळूला टेकलेली, ही जबड्याची आरामाची स्थिती. प्रत्येक टोलनाक्यावर दात आवळलेत का, एवढं बघायला त्यांना सांगा. कानापुढे ओल्या गरम कापडाचा शेक द्या. दुखतंय तोवर भाकरी आमटीत कुस्करून खाऊ द्या. नुसता आवाज येत असेल आणि दुखत नसेल तर घाबरायचं कारण नाही. झोपेत दात खाण्यासाठी दंतवैद्य दातांवर बसणारी प्लेट करून देतात.

कमरेसाठी आधी सीट. क्लच पूर्ण दाबल्यावरही गुडघा थोडा वाकलेला राहील इतकी ती पुढे घ्यावी, पाठ किंचित मागे कललेली हवी, कमरेच्या खोलगट जागी टॉवेलची गुंडाळी. मागच्या खिशातलं पाकीट काढून ठेवायचं. उतरल्या उतरल्या जड काही उचलायचं नाही. तासन्‌तास हादरे खाल्लेल्या मणक्यांना आधी पाच-दहा मिनिटं चालू द्या, मग टँकरचा दुधाचा पाइप ओढू देत. पट्टा सारखा बांधून ठेवण्याचा फायदा नाही. सीटचा स्प्रिंग किंवा हादरे शोषणारा डँपर बसला असेल तर तो बदलून देणं गाडीमालकाचं काम आहे, आणि हे मागायला त्यांनी संकोचू नये. मोटार परिवहन कामगार कायदा १९६१ सालचा, २०२५ मध्ये त्याची जागा नव्या श्रम संहितेने घेतली. त्या जुन्या कायद्यात दिवसाला ८ तास काम आणि सलग ५ तासांनंतर निदान अर्ध्या तासाची विश्रांती सांगितली होती. रस्त्यावर ती किती जणांना मिळते हे बघून मला फार वाईट वाटतं.

एक गोष्ट जपा. स्नायू सैल करणाऱ्या काही गोळ्यांनी झोप येते. डॉक्टरांना ‘मी रात्री गाडी चालवतो’ हे आधी सांगायचं. दुकानातून आपल्या मनाने गोळी आणायची नाही.

मला जास्त काळजी मात्र माव्याची वाटते. आज घरी त्यांना तोंड उघडायला सांगा आणि त्यांचीच तीन बोटं उभी आत जातात का पाहा. जात नसतील, तिखट झोंबत असेल, गाल आतून पांढरट किंवा ताठ लागत असतील, तर दुखणं नुसतं जबड्याच्या सांध्याचं नसेल. सुपारीने तोंडाचं आतलं अस्तर आवळत जातं आणि त्यातून पुढे कॅन्सर होऊ शकतो. गुटख्यावर महाराष्ट्रात २०१२ पासून बंदी आहे, पण माव्यातही तीच सुपारी आणि तंबाखू. सारखं चघळल्याने जबड्यालाही विसावा नाही. ही तपासणी जिल्हा रुग्णालयाच्या दंत विभागात याच आठवड्यात करून घ्या.

पायातली ताकद कमी झाली, लघवी अडली किंवा बैठकीच्या जागी बधिरपणा आला, तर त्याच दिवशी मोठ्या रुग्णालयात न्या. जबड्याच्या दुखण्याबरोबर छातीत दाब किंवा घाम आला, तर गाडी बाजूला घेऊन १०८ ला फोन करायचा. हे त्यांच्या क्लीनरलाही सांगून ठेवा.