1946 चा विषय 1948 ला ढकलू देऊ नका

तुमची पोस्ट वाचून राहवलं नाही. तुम्ही संशोधनाला उत्तर कोरियाची 1946 ची हंगामी लोकसमिती (तिथलं तात्पुरतं सरकारच म्हणा) हा विषय घेतलाय आणि विभाग म्हणतोय 'देशच 1948 ला झाला, मग 1946 कसलं?' डिट्टो माझ्या बाबतीत झालं होतं. आमच्या विभागाच्या समितीने याच कारणावरून सिनॉप्सिस (संशोधनाचा आराखडा) परत पाठवला, नाव बदला, वर्ष बदला, पुन्हा फॉर्म, पुन्हा सह्या, आणि त्यातल्या कोणीही कोरियावर काही वाचलेलं नव्हतं. रजिस्ट्रेशन लांबलं आणि फेलोशिप हातची गेली. अजून संताप होतो.

1945 ला जपानची सत्ता संपल्यावर कोरियात 38 व्या अक्षांशाच्या रेषेच्या उत्तरेला सोव्हिएत सैन्य आणि दक्षिणेला अमेरिकन, हे तुम्हाला माहीतच आहे. विभागाच्या समितीपुढे फक्त तारखा ठेवा. डिसेंबर 1945 मध्ये मॉस्कोत कोरियावर विश्वस्त राजवटीचं (काही वर्षं परक्या देशांच्या देखरेखीचं) ठरलं, प्योंगयांगचे राष्ट्रवादी नेते चो मान-सिक यांनी विरोध केला, जानेवारीत ते नजरकैदेत. 8 फेब्रुवारी 1946 ला किम इल-सुंगच्या अध्यक्षतेखाली हंगामी लोकसमिती स्थापन झाली. 5 मार्चला जमीन कायदा: जपान्यांची सगळी आणि जमीनदारांची 5 जोंगबोवरची (जोंगबो म्हणजे जवळपास एक हेक्टर) जमीन मोबदला न देता काढली आणि कसणाऱ्यांना फुकट दिली, पण विकायची नाही, गहाण टाकायची नाही. महिनाअखेरीस वाटप उरकलंसुद्धा. आता बघा, अख्ख्या कोरियाच्या सरकारचं ठरवायला नेमलेल्या अमेरिका-सोव्हिएत संयुक्त आयोगाची पहिली बैठक 20 मार्चला! आयोग बसायच्या आधीच उत्तरेत जमिनीची मालकी बदलायला घेतली होती. ऑगस्टमध्ये मोठे कारखानेही सरकारी झाले. माझ्या मते राज्य तेव्हाच उभं राहिलं, सप्टेंबर 1948 ला फक्त घोषणा झाली.

पण 'रशियाचं बाहुलं' लिहून मोकळे होऊ नका. सोव्हिएत अधिकाऱ्यांचा हात होताच, तरी गावोगावच्या लोकसमित्या 1945 च्या ऑगस्टपासून स्थानिकांनीच उभ्या केल्या होत्या, आणि आधी निम्मं पीक जमीनदाराला खंडात देणाऱ्या माणसाला आता सरकारला पिकाचा चौथा हिस्सा कर म्हणजे मोठाच फरक. अर्थात मला कोरियन येत नाही, सगळं काम इंग्रजी भाषांतरांवर केलंय, कोरियन वाचणारं कोणी वेगळं सांगत असेल तर त्यांचं ऐका.

अमेरिकेतल्या विल्सन सेंटर या अभ्याससंस्थेच्या डिजिटल आर्काइव्हवर भाषांतरित सोव्हिएत कागदपत्रं फुकट मिळतात, तिथून सुरुवात करा. भारताशी संबंध विचारला तर 1948 च्या संयुक्त राष्ट्रांच्या कोरिया आयोगाचे अध्यक्ष भारतीय मुत्सद्दी के. पी. एस. मेनन होते आणि त्या आयोगाला उत्तरेत जाऊ दिलं नाही, हे नक्की टाका. वर्ष मात्र बदलू नका, आणि सिनॉप्सिस परत आलाच तर कारण लेखी मागा, तोंडी उत्तरावर परत येऊ नका.