३४ स्लाइड, २० मिनिटं आणि दोन खोके

प्रश्न: ताई नमस्कार, मी भांडुपला कोरुगेटेड म्हणजे पुठ्ठ्याचे बॉक्स बनवणाऱ्या एका छोट्या कंपनीत आहे, आठ वर्षं झाली, पण सगळं काम फोनवर नाहीतर फॅक्टरीत. आता बीकेसीला एका मोठ्या कस्टमरसमोर प्रेझेंटेशन द्यायचंय, त्यांनी ३ प्लाय म्हणजे तीन थरांच्या बॉक्सऐवजी आमचा ५ प्लाय, पाच थरांचा बॉक्स घ्यावा म्हणून. २० मिनिटं दिलीयेत आणि माझ्या ३४ स्लाइड झाल्यात, मशीनचे फोटो अजून टाकायचेत. त्यात मी मराठी मीडियमची, इंग्लिश बोलताना अडखळते. रात्री झोप लागत नाहीये. काय करू?

उत्तर: आधी तो लॅपटॉप बंद करा बघू, आणि एका कागदावर एकच वाक्य लिहा, की मीटिंग संपल्यावर त्या लोकांनी नक्की काय करायला हवंय. ‘त्यांना आमची क्वालिटी पटावी’ असलं मोघम नको, ‘येत्या ऑगस्टसाठी ५०० बॉक्सची ट्रायल ऑर्डर द्यावी’ असं पाहिजे. हे वाक्य समोर ठेवून एकेक स्लाइड तपासा, ट्रायल द्यायची की नाही हे ठरवायला ती त्यांच्या कामाची आहे का? कंपनी कधी सुरू झाली, मशीन कुठून आणलं, मालकांचा फोटो, सगळं गळून पडेल, मला वाटतं सातआठच उरतील. काढलेल्या फेकू नका, शेवटी वेगळ्या ठेवा, कोणी विचारलं तर उघडता येतात.

मग त्यांचं दुखणं. हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहितीये, पावसाळ्यात कागद हवेतली ओल ओढतो, बॉक्सचा दम जातो आणि थप्पीतला सगळ्यात खालचा खोका बसतो, आतला माल गेला. पण त्या मीटिंगमध्ये परचेसवाले असणार आणि त्यांना फक्त तुमचा जादा रेट दिसणार. म्हणून आत्ताच त्यांच्या गोडाऊनच्या माणसाला फोन लावा आणि विचारा, मागच्या पावसाळ्यात महिन्याला किती बॉक्स खराब झाले. समजा ४,००० मधले १२० गेले आणि एकेका बॉक्समध्ये ९०० रुपयांचा माल, म्हणजे १,०८,००० रुपये. तुमचा बॉक्स ११ रुपये महाग, म्हणजे महिन्याला ४४,००० जादा. हे दोन आकडे एका स्लाइडवर शेजारी शेजारी, मोठे, बाकी त्या स्लाइडवर काहीच नको. आणि नुकसान शून्यावर येईल असं चुकूनही म्हणू नका, तुमचेही थोडे बॉक्स खराब होतील हे स्वतःहूनच सांगा, अर्धं जरी वाचलं तरी ५४,००० होतात, तरीही हिशेब तुमच्याच बाजूने राहतो आणि माणूस तुमच्यावर विश्वास ठेवतो.

आता माझी सगळ्यात आवडती गोष्ट. आठवडाभर आधी त्यांचा खोका आणि तुमचा खोका फॅक्टरीतच ओलसर जागेत सारख्या वजनाखाली ठेवा आणि मीटिंगला दोन्ही घेऊन जा. खचलेला बॉक्स टेबलावर ठेवला की बर्स्टिंग फॅक्टरच्या, म्हणजे कागद किती दाबाला फाटतो त्याच्या तक्त्याची गरजच उरत नाही, त्यांनी हात लावून बघू दे. तेव्हा कीबोर्डवरचं बी दाबा, पॉवरपॉइंटचा स्लाइड शो चालू असताना त्याने स्क्रीन काळी होते, परत दाबलं की येते, म्हणजे सगळे तुमच्याकडे आणि खोक्याकडे बघतील. पण खोके आणताय हे त्यांना आदल्या दिवशी कळवा हं, बीकेसीच्या बिल्डिंगमध्ये गेटवर लॅपटॉपचा सिरीयल नंबर लिहून घेतात तिथे खोके बघून तर अडवतीलच, आणि कुर्ला स्टेशनबाहेर रिक्षाची लाइन असते, तेव्हा अर्धा तास हातात ठेवूनच निघा.

मुख्य मागणी पहिल्या दोन मिनिटांत सांगून टाका, शेवटासाठी राखून ठेवू नका. हे मी फार मनापासून सांगतेय कारण माझं झालंय, लोअर परळच्या एका ऑफिसात मला अर्धा तास दिला होता, ज्यांनी निर्णय घ्यायचा त्या मॅडम उशिरा आल्या आणि म्हणाल्या सात मिनिटं आहेत. मी पाचव्या स्लाइडवर असताना त्या उठून गेल्या, मला काय हवं होतं ते त्यांना कळलंच नाही. तेव्हापासून मी पाच मिनिटांचं वर्जन वेगळं तयार ठेवते, तुम्हीही ठेवा.

इंग्लिशचं म्हणाल तर स्लाइड इंग्लिशमध्ये करा आणि बोला ज्या भाषेत कामाचं बोलता त्यात. मुंबईतल्या मीटिंगमध्ये मराठी, हिंदी, इंग्लिश तिन्ही एका वाक्यात येतात, कोणाला काही वाटत नाही. फक्त सुरुवातीची दोन वाक्यं पाठ हवीत, कारण भीती तिथेच असते. घरात उभं राहून, मोठ्याने, मोबाइलवर टायमर लावून तीनदा तरी म्हणा, मनातल्या मनात वाचणं म्हणजे तयारी नव्हे. हात थरथरले तर खोका धरा, तो आहेच.

प्रश्न: आमचे साहेब म्हणतात १०-२०-३० चा रूल पाळा. तो काय आहे, आणि मराठी स्लाइडला चालतो का? (एक वाचक, ठाणे)

उत्तर: गाय कावासाकी नावाच्या अमेरिकन गुंतवणूकदाराचा तो रूल आहे, १० स्लाइड, २० मिनिटं आणि ३० पॉइंटपेक्षा लहान अक्षर नाही. त्यांनी तो पैसे मागायला येणाऱ्या नवीन कंपन्यांसाठी सांगितला होता, त्यामुळे दहा म्हणजे दहाच असं धरून बसू नका, महिन्याच्या रिव्ह्यूला तीनही पुरतात. ३० चं मात्र ऐकाच, मराठीत तर जास्तच, कारण मात्रा, रफार आणि जोडाक्षरं बारीक झाली की मागच्या खुर्चीवरून वाचताच येत नाहीत. आणि तुमचा फॉन्ट त्यांच्या मशीनवर नसेल तर अक्षरं तुटतात, म्हणून पेन ड्राइव्हवर पीडीएफ ठेवा आणि एचडीएमआयचा अडॅप्टर स्वतःचाच न्या.